वाहनातील लाल दिवा : तक्रार आणि तपास

(शासकीय व पंचायतींच्या वाहनांची निगा या विषयावर तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी एका सद्‌गृहस्थांनी मला हसत विचारले, "साहेब, लाल दिवा तर १ मे २०१७ पासून बंद झाला ना?" त्यांच्या मनात अधिकाऱ्यांच्या गाडीच्या छपरावरील दिवा होता. मी ज्या दिव्याविषयी बोलणार आहे तो चालकाच्या समोर असतो. बॅटरीचे इवलेसे चित्र असलेला हा दिवा नखाएवढा असतो. छपरावरच्या दिव्याला पाहून रस्त्यावरची माणसे बाजूला होत. समोरच्या या दिव्याकडे मात्र गाडीत बसलेली माणसेही पाहत नाहीत.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध शासकीय जीपच्या आसनापुरता. अशा मनुष्याने बॅटरी, अल्टरनेटर आणि संगणक यांवर बोलावयास उभे राहणे हे धाडसच होय. परंतु एका रात्रीने मला या विषयाचा विद्यार्थी केले. जे शिकलो ते इतरांस सांगावे, एवढाच माझा अधिकार आहे.

घाटातील रात्र

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस, एका डोंगराळ तालुक्यातील मेळावा आटोपून आम्ही सायंकाळी परत निघालो होतो. वाटेतल्या एका वाडीवर आशाताईंनी गाडीला हात केला. तापाने फणफणलेले चार वर्षांचे मूल आणि त्याची आई यांना तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचवावयाचे होते. त्यांना गाडीत घेतले. थोडे अंतर गेल्यावर माझे लक्ष समोरच्या लाल चिन्हाकडे गेले. "मामा, हा दिवा कसला?" असे मी चालकांना विचारले.

"चार दिवस झाले, साहेब, येतो नि जातो. बॅटरी चार्ज होत नाही म्हणतो. पण डिझेल गाडी आहे. एकदा सुरू झाली की घरापर्यंत जाते."

मामांचे बोलणे अडाणीपणाचे नव्हते. वीस वर्षे त्यांनी ज्या जुन्या जीप चालविल्या, त्यांच्या बाबतीत ते खरेच होते. जुन्या डिझेल इंजिनात इंधन फवारणारा पंप यांत्रिक असे. इंजिन एकदा फिरू लागले की त्याला विजेची गरज जवळजवळ राहत नसे. नव्या गाडीत इंधन केव्हा आणि किती फवारावयाचे हे संगणक ठरवितो, आणि फवारणीही विजेच्या आधारानेच होते. वीज सरली की इंजिन सरले.

घाटाच्या मध्यावर पुढचे दिवे पिवळे पडले, वायपर रेंगाळू लागला आणि गाडी थांबली. 'सेल्फ'ने एकदा खट् असा आवाज केला, पुढे तोही नाही. अर्ध्या तासाने दुधाचा एक टेम्पो आला आणि त्यातून आई व मूल पुढे गेले. मूल बरे झाले, हे आम्हांला चार दिवसांनी कळले. परंतु त्या अर्ध्या तासात अंधारात त्या माउलीने मला एक प्रश्न विचारला, तो मी अद्याप विसरलेलो नाही. ती म्हणाली, "साहेब, गाडीला आधी कळलं नव्हतं का?"

गाडीला कळले होते. चार दिवस आधी कळले होते, आणि तिने ते सांगितलेही होते. गाडीला ते कसे कळते, ती ते कोणत्या भाषेत सांगते आणि ते ऐकून आपण काय करावे, हाच आजचा विषय.

टाकी, पंप आणि पाणीवाला

मोटारीतील वीजव्यवस्था समजून घेण्यास गावच्या नळपाणी योजनेचा दृष्टांत पुरेसा आहे. बॅटरी ही टाकी. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे जनित्र, हा पंप. दिवे, पंखा, भोंगा, इंधनाची फवारणी आणि स्वतः संगणक, ही नळजोडणी घेतलेली घरे. पंप चालू असेपर्यंत घरांना पाणी पंपाकडून मिळते आणि टाकीही भरत राहते. पंप थांबला तरी नळ वाहतातच, परंतु आता टाकी रिकामी होत असते. म्हणूनच लाल दिवा लागल्यावरही गाडी काही काळ व्यवस्थित चालते. फसगत होते ती येथेच.

टाकीची पातळी आपण फुटांत मोजतो. विजेचा दाब व्होल्टांत मोजावयाचा. मोटारीच्या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल यांचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेल्या घटाचेच हे वंशज होत. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांती घेतल्यावर १२.६ व्होल्टांच्या आसपास दाब दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली, आणि १२ म्हणजे तळ दिसू लागला. वरच्या टाकीत पाणी चढवावयाचे तर पंपाचा जोर टाकीच्या पातळीपेक्षा अधिक हवा. म्हणून इंजिन चालू असताना अल्टरनेटरने साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब द्यावा लागतो.

मात्र इंजिनाचा वेग एकसारखा नसतो. सिग्नलपाशी ते मिनिटाला सात-आठशे फेरे घेते, तर मोकळ्या रस्त्यावर तीन हजार. जनित्राला मोकळे सोडले तर वेगाबरोबर दाबही भलताच चढेल, दिवे उडतील आणि बॅटरीतील पाणी उकळल्यासारखे होऊन तिच्यातून हायड्रोजन वायू सुटू लागेल. याउलट दाब नेहमी कमी राहिला, तर बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर जमून ती अकाली निकामी होईल. यासाठी टाकीपाशी नजर ठेवून पंपाचा जोर कमीअधिक करणारा एक पाणीवाला लागतो. त्याला नियामक म्हणतात.

नियामकाच्या हातातील दोर

नियामक जनित्राला आवरतो कसा? मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की वेटोळ्यात वीज निर्माण होते. सायकलच्या डायनॅमोत हेच घडते. शिक्षक मित्रांनी तो वर्गात अवश्य उघडून दाखवावा. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये फिरणारा चुंबक कायमचा नसतो. तो तारेच्या वेटोळ्यात थोडी वीज सोडून केलेला विद्युत्-चुंबक असतो. या थोड्या विजेला आपण क्षेत्र-प्रवाह म्हणू. तो असतो अवघा तीनचार अँपिअर, परंतु त्याच्या जोरावर बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांतून पन्नास, शंभर अँपिअर प्रवाह मिळतो. क्षेत्र-प्रवाह कमी केला की चुंबक दुबळा होतो आणि उत्पादन घटते. वाढविला की उत्पादन वाढते. कोळशाचे दोन लहान ब्रश हा प्रवाह फिरत्या भागापर्यंत पोहोचवितात. बाहेर पडणारा प्रवाह दिशा बदलता असतो. तो डायोड नावाच्या एकमार्गी झडपांतून नेऊन एकाच दिशेचा केला जातो, कारण बॅटरी तसाच स्वीकारते.

पूर्वी मोटारींत डायनॅमो असे. इंजिन मंद असताना तो पुरेशी वीज देत नसे. स्वस्त व टिकाऊ डायोड उपलब्ध झाल्यावर अल्टरनेटरचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत तो बसविला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. त्या काळचा नियामक म्हणजे एक लहानशी पत्र्याची डबी. तिच्यातील विद्युत्-चुंबकाने ओढलेली पट्टी सेकंदाला अनेकदा उघडझाप करून क्षेत्र-प्रवाह तोडी आणि जोडी. या पाणीवाल्याला पातळीखेरीज दुसरे काही कळत नसे, आणि काही बिघडले तर तो बोलतही नसे.

पाणीवाल्याच्या जागी संगणक

१९८० च्या दशकाच्या मध्यास याच कंपनीने आपल्या अनेक मोटारींतील स्वतंत्र नियामक काढून त्याचे काम इंजिनाच्या संगणकाकडे सोपविले. ती रचना सरळ असल्याने समजावयास सोपी आहे.

संगणक बॅटरीचा दाब सतत वाचतो. बॅटरीच्या तापमानाचा अंदाजही तो घेतो, कारण थंड बॅटरीला भरण्यास अधिक दाब लागतो आणि तापलेलीला कमी. तापमान १० अंशांनी वाढले तर अपेक्षित दाब साधारणतः पाव व्होल्टाने खाली आणावा लागतो. महाबळेश्वरच्या हिवाळी पहाटे जो दाब योग्य, तोच चंद्रपूरच्या मे महिन्यातील दुपारी बॅटरीला जाळणारा ठरेल. जुन्या डबीला हा विवेक थोडाबहुतच साधे. संगणक तो नेमका करतो. अपेक्षित दाब ठरला की संगणक प्रत्यक्ष दाबाशी त्याची तुलना करतो, आणि क्षेत्र-प्रवाहाची जोडणी सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करतो. शंभरापैकी तीस भाग चालू ठेवली तर उत्पादन कमी, नव्वद भाग ठेवली तर जास्त.

आजच्या पुष्कळ वाहनांत ही कामाची विभागणी पुन्हा बदलली आहे. नियामक अल्टरनेटरच्या पोटातच असतो. मुख्य संगणक एका तारेवरून त्याला "अमुक दाब ठेव" असा आदेश देतो आणि नियामक आपली स्थिती उलट कळवितो. आदेशाची तार तुटली तर नियामक हात जोडून बसत नाही. साडेतेरा व्होल्टांच्या आसपासचा एक ठरीव दाब तो आपल्या बुद्धीने राखतो. अनेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर एक संवेदक बसविलेला असतो. तो बॅटरीत किती वीज गेली व किती निघाली याचा हिशेब ठेवतो. गाडी चढ चढत असताना संगणक अल्टरनेटरचा भार हलका करतो आणि उतारावर वाढवितो, कारण तेवढे इंधन वाचते. म्हणून आजच्या गाडीत इंजिन चालू असताना मापकावर काही क्षण १२.८ व्होल्ट दिसले, तर "चार्जिंग गेले" असे लगेच म्हणू नये. जुन्या गाडीचा नियम नव्या गाडीला लावल्यामुळे मामा जसे फसले, तसे कारागीरही फसतात.

विजेच्या मोटारींतही हा प्रश्न संपत नाही. त्यांत अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतील उच्च दाब उतरवून १२ व्होल्टांची लहान बॅटरी भरली जाते. तरी भोंगा, दिवे आणि संगणक त्या लहान बॅटरीवरच अवलंबून असतात, आणि तिच्यावरही अशीच देखरेख असते.

संगणक तक्रार कशी नोंदवितो

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. संगणक नुसती आज्ञा देत नाही. आज्ञा पाळली गेली की नाही हेही तो पाहतो. मघाच्या क्रायस्लर रचनेत तो तीन प्रश्न विचारीत असे. पहिला : क्षेत्र-प्रवाहाची तार जोडलेली आहे ना? ती तुटली असेल किंवा भलतीकडे टेकली असेल, तर जोडणी चालू-बंद करताना अपेक्षित बदल दिसत नाही. या दोषाचा क्रमांक ४१. दुसरा : दाब अपेक्षेपेक्षा वर तर गेला नाही? क्रमांक ४६. तिसरा : दाब अपेक्षेपेक्षा खाली आहे काय? येथे संगणक नुसत्या आकड्यावर विसंबत नसे. तो क्षेत्र-प्रवाह मुद्दाम बदलून पाही आणि दाब हलतो की नाही याची परीक्षा घेई. हलला नाही, तर क्रमांक ४७.

ही नोंद वाचावयास त्या वेळी कोणतेही यंत्र लागत नसे. किल्ली पाच सेकंदांच्या आत चालू-बंद-चालू-बंद-चालू अशी फिरवावयाची, की समोरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागे. चार वेळा लुकलुकला, क्षणभर थांबला, मग सात वेळा लुकलुकला, म्हणजे ४७. शेवटी पाच आणि पाच, म्हणजे ५५ : निवेदन संपले. बॅटरीची जोडणी अलीकडे कोणी काढली असेल तर १२ हा क्रमांकही येई. तारायंत्राच्या कडकट्टाची आठवण करून देणारी ही भाषा कोणासही मोजता येण्याजोगी होती.

परंतु प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असल्याने गोंधळ होई. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून सर्व कंपन्यांस एकच स्वरूपाची जोडणी आणि एकच क्रमांकपद्धती सक्तीची झाली. धूर नियंत्रणात राहावा हा त्यामागील मूळ हेतू. भारतातही प्रदूषण मानकांच्या ओघात ही स्वनिदान पद्धती आली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांत ती अधिक कडक झाली. या पद्धतीत क्रमांकाआधी एक अक्षर असते. 'पी' म्हणजे इंजिन व चालकयंत्रणा. पी ०५६२ म्हणजे प्रणालीचा दाब कमी. पी ०५६३ म्हणजे दाब जास्त. पी ०६२० म्हणजे जनित्राच्या नियंत्रण-मंडलात दोष. कारागिराजवळचा 'स्कॅनर' हे क्रमांक वाचतो. क्षणिक चढउताराला संगणक दोष मानीत नाही. ठरावीक काळ तीच स्थिती टिकली तरच तो नोंद करतो. पुष्कळ वाहनांत दोष नोंदविला गेला त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान वगैरे तपशीलही तो टिपून ठेवतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तक्रारीसोबत घटनास्थळाची टिपणीही जोडलेली असते.

आता नीट लक्षात घ्यावे. पाणीवाल्याने नोंदवहीत लिहिले, "टाकी भरत नाही." या वाक्यावरून पंप जळाला असे ठरते काय? पंप उत्तम असेल आणि वाटेतील जलवाहिनी फुटली असेल. झडप अर्धी मिटलेली असेल. कोणी चोरून जोडणी घेतली असेल. टाकीलाच तडा गेला असेल. पाणीवाल्याने जे पाहिले ते खरे सांगितले. कारण शोधणे हे त्याच्यापुढचे काम आहे. संगणकाचा क्रमांकही असाच वाचावयास हवा. 'दाब कमी' ही तक्रार आहे. 'अल्टरनेटर खराब' हा निकाल आहे. या दोहोंमध्ये तपास नावाची एक पायरी असते, आणि ती गाळली की सार्वजनिक पैसा वाया जातो.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले

घाटातील त्या गाडीला दुसऱ्या दिवशी ओढून एका कार्यशाळेत नेले. स्कॅनरवर पी ०५६२ आला. क्रमांक पाहताच नवा अल्टरनेटर बसविण्यात आला, बॅटरी बाहेरून भरण्यात आली, नोंद पुसण्यात आली आणि देयक सादर झाले. ते रीतसर मंजूरही झाले. त्या फाईलवर माझीही सही आहे. आठ दिवसांनी लाल दिवा पुन्हा लागला.

या वेळी मामा गाडी बसस्थानकाजवळच्या एका वयस्क ऑटो-वायरमनकडे घेऊन गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी आधी पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहिला. मग बॅटरी पुरेशी भरून घेतली, इंजिन सुरू केले, दिवे आणि पंखा लावावयास सांगितला, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मापकाच्या दोन तारा अल्टरनेटरवर टेकविल्या : १४.१ व्होल्ट. त्याच तारा बॅटरीच्या दोन टोकांवर टेकविल्या : १२.८. "साहेब, पंप पाणी देतोय. वाटेत कुठे जातंय ते बघू," ते म्हणाले. मी टाकीचा दृष्टांत आज आपणांस दिला, तो त्यांच्याकडूनच उचललेला आहे.

मग त्यांनी मापकाची एक तार अल्टरनेटरच्या धन टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवली. ही दोन्ही टोके एकाच जाड तारेने जोडलेली असतात. तेव्हा त्यांत दोनतीन दशांश व्होल्टांपेक्षा अधिक फरक पडू नये. फरक निघाला १.३ व्होल्टांचा. तार चाचपत ते मुख्य फ्यूजच्या पेटीपाशी पोहोचले. तेथील नट सैल झाला होता आणि सांध्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. सांधा घासून स्वच्छ केला, नट आवळला. फरक एका दशांशावर आला आणि बॅटरीवर १४ व्होल्ट दिसू लागले. त्यांनी पैसे घेतले ते चहापाण्यापुरते. जुना अल्टरनेटर बहुधा निर्दोष होता. परंतु तो केव्हाच भंगारात गेला होता.

यातील गणित आठवीनववीचे विद्यार्थीही करू शकतात. ओहमच्या नियमानुसार दाबातील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. सैल सांध्याचा रोध अवघा ०.०२ ओहम धरा. ६५ अँपिअर प्रवाह गेला की १.३ व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि त्यांची उष्णता होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्या रोधाने एका आजारी मुलाला घाटात अडवून धरले होते. नवा अल्टरनेटर बसविल्यावर आठ दिवस गाडी का चालली, हेही आता कळते. बाहेरून भरलेल्या बॅटरीतील शिल्लक तेवढी पुरली.

आपण काय करावे

आपण कोणी कारागीर नाही. तथापि आपल्यापैकी काहीजण गाडी वापरतात, काहीजण देयके मंजूर करतात, आणि काहीजण उद्याचे कारागीर घडवितात. म्हणून चार गोष्टी सुचवितो.

पहिली. किल्ली फिरविताच बॅटरीचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर तेही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे. अनेक जुन्या रचनांत याच दिव्याच्या तारेतून अल्टरनेटरला सुरुवातीचा क्षेत्र-प्रवाह मिळतो, त्यामुळे दिवा उडाला तर भरणही सुरू होत नाही. प्रवासात दिवा लागून राहिला तर पंखा, वातानुकूलन आदी अनावश्यक भार बंद करावेत, इंजिन बंद न करता जवळचे सुरक्षित ठिकाण गाठावे आणि घाटाकडे मुळीच वळू नये. मात्र त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही असेल, आणि दिव्यासोबत तापमानाचा काटा चढू लागला, तर पट्टा तुटल्याचा संभव असतो. अशा वेळी तत्काळ थांबावे.

दुसरी. दिवा आला आणि गेला तरी वाहनाच्या नोंदवहीत तारीख व वेळ लिहावी. चार दिवस येऊन गेलेला दिवा ज्या वहीत नाही, ती वही अपुरी आहे. आमच्या वहीत त्या चार दिवसांचे किलोमीटर होते, डिझेल होते, दिवा नव्हता.

तिसरी. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून "अल्टरनेटर जिवंत आहे का" हे पाहण्याची जुनी रीत आता कटाक्षाने सोडावी. बॅटरी हा दाबाचा धक्का पोटात घेणारा साठा असतो. तो एकाएकी काढला की क्षणभर दाब उसळतो आणि संगणक जळू शकतो. नोंद वाचण्यापूर्वी ती पुसूही नये. पुष्कळ गाड्यांत बॅटरी काढल्यानेदेखील ती पुसली जाते. पंचनाम्यापूर्वी घटनास्थळ धुऊन काढण्यासारखेच ते आहे.

चौथी, विशेषतः देयके तपासणाऱ्यांसाठी. अल्टरनेटर किंवा बॅटरी बदलल्याचे देयक आले तर त्यासोबत पाच आकडे मागावेत : आढळलेला दोष क्रमांक; विश्रांतीनंतर बॅटरीचा दाब; सर्व भार चालू असताना बॅटरीवरील दाब; त्याच वेळी अल्टरनेटरवरील दाब; आणि दुरुस्तीनंतर हेच आकडे. काही शे रुपयांच्या मापकाने ही नोंद पाच मिनिटांत होते. प्रामाणिक कारागिराला तिचा त्रास होणार नाही. उलट त्याचा प्रामाणिकपणा कागदावर उमटेल.

समारोप

मित्रहो, माझे सारे आयुष्य माहिती पोहोचविण्यात गेले आहे. माहिती पोहोचली की आपले काम संपले, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. त्या घाटात ती समजूत गेली. माहिती चार दिवस आधी पोहोचलेली होती. संगणकाने आपले कर्तव्य चोख बजावले होते. ती ऐकून उठणारा मनुष्य नव्हता. पुढे आम्ही उलट चूक केली. तक्रार ऐकली, आणि तपास न करताच निकाल देऊन मोकळे झालो.

आपल्या गावी, आपल्या कार्यालयात तक्रारी येतात त्यांचेही पुष्कळदा असेच होते. एकतर त्या दिव्यासारख्या येतात-जातात आणि आपल्याला त्यांची सवय होते; नाहीतर पहिल्या ओळीवरूनच आपण दोषी ठरवून टाकतो. यंत्राने आपल्या परीने शक्य ते केले आहे. काय दिसले ते त्याने लिहून ठेवले आहे. मापक घेऊन सांध्यापर्यंत जाण्याचे काम अद्याप माणसाचेच आहे.

आज घरी परतताना आपण ज्या गाडीत बसाल, तिच्या चालकाने किल्ली फिरविली की क्षणभर समोर पाहावे, एवढीच विनंती करतो. दिवा लागतो आणि विझतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले, तर माझे हे भाषण वाया गेले नाही असे मी समजेन.